रस्त्यावर उभे राहणे हा गुन्हा आहे का?

अमरावती आणि अकोला येथील कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात कायद्याचा तास माझ्याकडे असतो. वर्गात मेळघाटातली कोरकू मुलेमुली असतात, फासेपारधी कुटुंबांतलेही काही जण असतात. फळ्यावर 'भीक' आणि 'वेश्याव्यवसाय' हे शब्द लिहिले की सगळे खाली बघतात. आपल्या मंडळीतही हे विषय कोणी काढत नाही. पण बडनेरा स्टेशनवर काम करायचे तर ते कळायलाच हवेत.

पारध्यांच्या मुलांना पहिला विषय लवकर समजतो. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशय गेला नाही. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात हात पसरणे एवढीच भीक नाही. गाणे, कसरत, भविष्यकथन किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने मागणेही तीत येते. पोलीस वॉरंटाशिवाय धरू शकतात आणि न्यायालय पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात पाठवू शकते. ताकीद देऊन बंधपत्रावर सोडण्याची तरतूदही तिथेच आहे. मात्र ती मागायला कोणीतरी उभे राहावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली बरीच कलमे रद्द केली, पण तेवढी दिल्लीपुरती.

दुसरा कायदा १९५६ चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा. गुन्हेगार बाईच, असे बहुतेकांना वाटते. कायद्याचा मुख्य रोख कुंटणखाना चालवणारा, दलाल आणि तिच्या कमाईवर जगणारा यांच्यावर आहे. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावले तर तिलाही शिक्षा आहे, पण एसटी स्टँडवर नुसते उभे राहणे म्हणजे बोलावणे नव्हे. छाप्यात सापडलेल्या बाईची विचारपूस महिला पोलिसानेच करायची. ती नसेल तर मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थेच्या महिलेसमोर. हे कलम मी दोनदा वाचते, कारण असे बोलावणे आमच्या मुलींना येऊ शकते. मुलगी अठराच्या आतली असेल तर संमतीचा प्रश्नच नाही. पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा.

आदिवासींना आणि स्त्रियांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन.

सोडवलेल्या मुलींचे फोटो का छापत नाही, असे काही वाचक विचारतात. पोक्सो कायद्यात पीडित मुलाची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे, आणि मोठ्या स्त्रियांबाबतही माध्यमांनी ती सांभाळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले आहे.