लैंगिक आरोग्यात ऑनलाइन एमएस्सी करू का? सातारा-सांगलीतून आलेला एक प्रश्न

एसटीत हेडफोन विसरला असाल किंवा एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हा त्याचा लेखी मजकूर. बोलतानाची अडखळ काढलीये, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

या वेळचा प्रश्न एका श्रोतीच्या व्हॉइस मेसेजमधून आला. ती बी.एस्सी. नर्सिंग झालीये, कराडच्या बाजूला एका हॉस्पिटलात ड्युटी करते. म्हणाली, "ताई, मला लैंगिक आणि प्रजनन आरोग्यात ऑनलाइन एमएस्सी करायचीये. फी लाखात आहे. पप्पा कर्ज काढायला तयार आहेत, पण विचारतात की करून होणार काय? आणि विषयाचं नाव घरी मोठ्यानं घेता येत नाही, ते वेगळंच."

मेसेज मी तीनदा ऐकला. वडील कर्ज काढणार असतील तर "कर गं, छान आहे" एवढं उत्तर पुरत नाही. म्हणून नीट बघू. या पदवीत शिकवतात काय, तिनं मिळतं काय आणि मिळत नाही काय.

विषय नक्की कोणता?

१९९४ मध्ये इजिप्तमधल्या कैरो शहरात लोकसंख्येवर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. १७९ देश होते. तोवर सरकारांचा भर मुख्यतः जन्मदर कमी करण्यावर असायचा. कैरोत ठरलं की मूल कधी, किती आणि हवं की नको, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि त्यासाठी लागणारी माहिती आणि सेवा मिळणं हा हक्क आहे. आज हा विषय त्या पायावर उभा आहे. गर्भनिरोधन, सुरक्षित गर्भपात, बाळंतपण, वंध्यत्व, एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्ग, किशोरवयीन मुलामुलींचं आरोग्य, लैंगिक हिंसा, सगळं यात येतं.

ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेची याच विषयातली ऑनलाइन एमएस्सी आहे. तिचा भर धोरण आणि कार्यक्रम यांवर आहे. म्हणजे पेशंट कसा तपासायचा, यापेक्षा अख्ख्या तालुक्याची सेवा कशी आखायची आणि ती चालली की नाही हे कसं मोजायचं, हे शिकवतात. फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असल्या कोर्समधले धडे आपल्याच भागातली उदाहरणं घेऊन बघू.

धडा पहिला: मोजणं

दिवाळीनंतर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांवर ऊसतोड टोळ्या येतात. बऱ्याच बीडकडच्या. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. फडात संडास नाही, पाळीत विश्रांती नाही.

२०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातायत अशी ओरड झाली आणि राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात साधारण १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभराचं प्रमाण शंभरात साधारण ३ होतं.

आकडा ऐकून राग येतो, यायलाच पाहिजे. पण हा विषय शिकलेला माणूस पुढे विचारतो. दोन्हीकडच्या बायकांची वयं सारखी आहेत का? ऑपरेशन कुठल्या वयात झालं? सरकारी दवाखान्यात की खासगी? कारण काय सांगितलं होतं? सोनोग्राफी झाली होती का? अंगावरून जाणं, पोटात दुखणं असल्या त्रासावर गोळ्यांनी भागलं असतं का? या प्रश्नांची उत्तरं हातात असली की मगच धोरण बदलता येतं. कोर्समध्ये याला एपिडेमिऑलॉजी म्हणतात, म्हणजे रोगराईचं मोजमाप.

धडा दुसरा: योजना चालली का?

२००७ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं एक योजना काढली. लोक तिला 'सेकंड हनीमून पॅकेज' म्हणायचे. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर जोडप्याला ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. मुलींची लग्नं लवकर होत होती आणि वर्षाच्या आत पाळणा हलत होता, म्हणून हा उपाय. परदेशी पेपरांतसुद्धा बातमी आली होती.

आता समजा, योजनेत नाव घातलेल्या बऱ्याच जोडप्यांनी दोन वर्षं वाट पाहिली. मग योजना यशस्वी? थांबा. ज्यांना तसंही थांबायचं होतं, तेच आधी नाव घालायला आले असतील तर? पैसे नसते तरी ते थांबलेच असते. आणि जिला सासूनं "पहिलं लवकर होऊ दे" म्हणून सांगितलंय, ती कार्यालयापर्यंत पोचलीच नसेल. म्हणून तुलनेला योजनेबाहेरची, पण तशाच परिस्थितीतली जोडपी घ्यावी लागतात. अशी पारख या पदवीत शिकायला मिळते.

धडा तिसरा: कायदा आणि मुलगी

२००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे ८५१ मुली होत्या. २०११ मध्ये ८६७. सुधारणा आहे, पण थोडी. आणि २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, ते कोणी विसरलेलं नाही.

साताऱ्यात दलित महिला विकास मंडळाच्या ॲडव्होकेट वर्षा देशपांडे यांनी गर्भलिंग तपासणी करणाऱ्या डॉक्टरांवर स्टिंग ऑपरेशन करून खटले उभे केले. २०२५ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये याच साताऱ्यात 'नकुसा', 'नकोशी' अशी नावं असलेल्या २८५ मुलींना नवी नावं मिळाली.

इथला धडा जरा अवघड आहे. गर्भलिंग तपासणी बेकायदा आहे, गर्भपात मात्र ठरलेल्या अटींत कायदेशीर आहे. लिंगनिदानाच्या भीतीनं दवाखान्यांनी सगळ्याच गर्भपातांना नकार दिला, तर एखादी मुलगी भोंदूकडे किंवा बिनचिठ्ठीच्या गोळ्यांकडे वळते. एक कायदा कडकपणे राबवताना दुसरा हक्क चिरडला जाऊ नये, हे बघणारी माणसं लागतात.

धडा चौथा: ज्यांच्यासाठी काम, त्यांच्याच हातात

१९९२ मध्ये सांगलीत 'संग्राम' या संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत एचआयव्हीवर काम सुरू केलं. मीना सेषू या संस्थेच्या संस्थापक. कंडोम वाटायचं, माहिती सांगायची ती कुणी? त्या बायकांनीच. गिऱ्हाईकाला 'नाही' कसं म्हणायचं हे बाहेरच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुढे अमेरिकी मदतीला वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट जोडली गेली, तेव्हा संग्रामनं ती मदत नाकारली. पैसा देणारा अटी घालतो तेव्हा काय करायचं, हाही या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आता पप्पांच्या प्रश्नाकडे

मिळतं काय? मोजायची, योजना तपासायची आणि अहवाल लिहायची ताकद. कामं साधारण अशी: आरोग्य क्षेत्रातल्या संस्था, संशोधन प्रकल्प, सरकारी कार्यक्रमांतली सल्लागार किंवा समन्वयक पदं. बरीचशी कंत्राटी असतात आणि पुण्या-मुंबईत किंवा दिल्लीत जावं लागू शकतं.

मिळत नाही काय? या पदवीनं कुणी डॉक्टर होत नाही. गर्भपात करायचा किंवा सोनोग्राफी करायचा अधिकार मिळत नाही. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत भर पडेल, हेही धरून चालू नका. भारतात वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ देता येत नाहीत. २०२५ मध्ये यूजीसीनं मानसशास्त्र, पोषणशास्त्र अशा आरोग्याशी जोडलेल्या आणखी विषयांनाही बंदी केली. तेव्हा एखाद्या भारतीय जाहिरातीत 'ऑनलाइन क्लिनिकल डिग्री' दिसली, तर तिथंच थांबा.

पैसे भरायच्या आधी एवढं करा:

१. भारतीय विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या पोर्टलवर विद्यापीठ आणि तोच कोर्स, दोन्ही यादीत आहेत का बघा. प्रवेशाला डीईबी आयडी लागतो. मान्य विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात.

२. परदेशी असेल तर समकक्षतेचं आधी लेखी विचारा. सरकारी नोकरी किंवा पुढे पीएचडी डोक्यात असेल तर हे फारच महत्त्वाचं. एजंटचं तोंडी "चालतंय की" चालत नाही.

३. वेळेचा हिशेब घाला. ब्रिटिश एमएस्सी १८० क्रेडिटची, एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तास अभ्यास. झाले १,८०० तास. आठवड्याला १५ तास दिले तर १२० आठवडे, म्हणजे सव्वादोन वर्षांहून थोडं जास्त. नाइट ड्युटी करून हे जमेल का, ते स्वतःलाच विचारा.

४. मधला रस्ता बघा. ६० क्रेडिटचं प्रमाणपत्र, १२० चा डिप्लोमा असे टप्पे असतात. काही विद्यापीठं एकेक मॉड्यूल सुटं घेऊ देतात.

५. शिष्यवृत्ती शोधा. कॉमनवेल्थ डिस्टन्स लर्निंग शिष्यवृत्ती अशाच ऑनलाइन मास्टर्ससाठी असते. कोर्सची यादी दरवर्षी बदलते, आपला कोर्स आणि आपला देश त्यात आहे का ते तपासा.

६. समोरासमोर शिकायचा पर्यायही तोलून बघा. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम बघणारी आयआयपीएस ही संस्थाही तिथंच, देवनारला.

आणि घरी नाव कसं घ्यायचं?

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. खटले झाले. त्यातल्या एकात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. म्हणजे मराठीत हा विषय बोलून शंभर वर्षं झाली. आपल्याच घरात तो अजून कुजबुजत चाललाय.

तेव्हा ताई, पप्पांना 'लैंगिक' शब्दापासून सुरुवात करून सांगू नकोस. त्यांना फडातल्या त्या बायकांचं सांग. "पप्पा, एवढ्या जणींच्या पिशव्या का काढल्या, हे शोधायला शिकायचंय." त्यांना कळेल. आणि कर्जावर सही लगेच नको. आधी एक सुटं मॉड्यूल कर, समकक्षतेचं लेखी उत्तर मागव, आणि हाताशी एखादी संस्था असेल तर सुट्टीच्या दिवशी तिथं काम करून बघ. सहा महिन्यांनीही हाच अभ्यास करावासा वाटला, तर मग कर्जाचं बोला.

बाकी मंडळी, तुमच्यापैकी कुणी असा कोर्स करतंय का? फी, वेळ, नोकरी, खरं काय ते व्हॉइस नोटवर सांगा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. पुढच्या भागात त्यातलेच अनुभव ऐकवते. तोवर काळजी घ्या!