ससा कुठे गेला?

मोबाइलवरचं एखादं ॲप उघडलं की घर, घंटा, शोधायचं भिंग अशी इवली इवली चित्रं दिसतात ना? त्यांना 'आयकॉन' म्हणतात. ही चित्रं ॲपमध्ये राहतात तरी कुठे, हा प्रश्न आमच्या वर्गाला पडला तो एका सशामुळे.

गेल्या वर्षी आमच्या सातवीने पहिलीच्या छोट्यांसाठी अक्षरओळखीचं ॲप करायला घेतलं. क कमळाचा, ब बदकाचा, स सशाचा. चित्रं मुलांचीच. कुणी कागदावर काढून फोटो घेतला, कुणी थेट मोबाइलवर बोटानेच काढलं. सगळी चित्रं संगणकात एकाच ठिकाणी ओतली. नावं कशी? तर 'नवीन', 'नवीन १', 'शेवटचं', 'खरं शेवटचं'!

दोघींनी ससा काढला होता आणि दोघींनीही नाव दिलं 'ससा'. दुसरा टाकताना संगणकाने विचारलं, आधीचा काढून हा ठेवू का? आम्ही घाईत 'हो' म्हटलं. (खरं तर मीच म्हटलं, माउस माझ्या हातात होता.) झालं, पहिला ससा गायब! मोबाइलमधला मूळ ससाही जागा पुरत नाही म्हणून पुसलेला. ती मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग आम्ही नीट शिकायला बसलो. अँड्रॉइड ॲपच्या घरात 'रेस' नावाचं एक कपाट असतं. रेस म्हणजे रिसोर्सेस, लागणारं सामानसुमान. त्यात चित्रांचा खण 'ड्रॉएबल', ॲपच्या स्वतःच्या आयकॉनचा खण 'मिपमॅप' आणि शब्दांचा खण 'व्हॅल्यूज'. ड्रॉएबलच्या पोटात आणखी खण करता येत नाहीत, त्यामुळे सगळी शिस्त नावातच पाळावी लागते. नावात रोमन लिपीतली लहान अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढंच चालतं. मोकळी जागा सोडली किंवा देवनागरीत लिहिलं, तर ॲप तयारच होत नाही. मला हे जरा खटकलंच. पण पडद्यावर दिसणारे शब्द 'व्हॅल्यूज'मध्ये असतात आणि तिथे आपली देवनागरी थाटात बसते. आम्ही ठरवलं, की नावात आधी वस्तू लिहायची, मग खालची रेघ, मग काढणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर.

आता दुसरी गंमत. मोठ्या बाईंच्या मोबाइलवर आमचं कमळ अगदी धूसर दिसायचं, जणू धुक्यात फुललंय! पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. अँड्रॉइडचं मूळ माप एका इंचात १६० ठिपके. त्यापुढे २४०, ३२०, ४८० आणि ६४०. म्हणजे दीडपट, दुप्पट, तिप्पट, चौपट. मूळ मापात ४८ ठिपक्यांचा असलेला ॲपचा आयकॉन पुढे ७२, ९६, १४४ आणि १९२ ठिपक्यांचा करावा लागतो. आम्ही छोटं कमळ नुसत्या ड्रॉएबलमध्ये टाकलेलं. तिथलं चित्र १६० च्या मापाचं समजून ४८० च्या पडद्यावर तिप्पट ताणलं जातं. मग धूसर नाही तर काय होणार? म्हणून प्रत्येक मापाचा वेगळा ड्रॉएबल खण करतात आणि पाचही खणांत चित्राचं नाव एकच ठेवतात. आपल्याला कुठलं हवं ते मोबाइल स्वतः निवडतो.

"बाई, तिथे सारखं नाव चालतं, मग आमच्या सशांनाच का नाही चाललं?" त्या मुलीने विचारलं. चला, बोलली एकदाची! पाच खणांतलं चित्र एकच असतं, फक्त माप निराळं. आमचे ससे दोन आणि खण एक.

साध्या आयकॉनला एवढा खटाटोपही लागत नाही. 'इथून तिथे रेघ ओढ, हा रंग भर' अशा सूचनांची एकच फाइल पुरते. तिला 'व्हेक्टर' म्हणतात. ती कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतात. रंगपेटीने रंगवलेल्या कमळाला मात्र हा उपाय नाही.

तिने ससा पुन्हा काढला, या वेळी कागदावर आणि चांगला मोठा. आता सगळी मूळ चित्रं आम्ही 'मूळ' नावाच्या वेगळ्या जागी ठेवतो, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर. आधीच्या सशाचे कान जास्त छान होते, असं ती अजून म्हणते. पहिलीतली मुलं 'स' वर बोट ठेवतात तेव्हा आता दोन ससे येतात.