बार्शी लाईटचे कॅलथ्रॉप साहेब

कुर्डुवाडी स्टेशनाला पूर्वी बार्शी रोड म्हणत. मुंबईहून सोलापूर-रायचूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, मोठा मार्ग माढा तालुक्यातल्या या माळावरून गेला आणि कापसा-धान्याची भरभक्कम पेठ असलेली बार्शी मात्र वीसेक मैल बाजूला पडली. पेठेतला माल बैलगाडीने ‘रोड’वर यायचा. पावसाळ्यात काळ्या रानातल्या चाकोऱ्या चिखलाने भरल्या की तो वाटेतच खोळंबायचा. मार्च 1897 मध्ये ही अडचण संपली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, म्हणजे 762 मिलिमीटरच्या गेजवरून, बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. कागदोपत्री ती बार्शी लाईट रेल्वे कंपनी. लोकांच्या तोंडी नुसती ‘बार्शी लाईट’. कुर्डुवाडी जंक्शन झाली ती या छोट्या गाडीमुळे. तिच्या मागे कारखाना आला, क्वार्टर्स आल्या, आणि गावाला एक नवी ओळख मिळाली.

ही गाडी ज्यांच्या डोक्यातून निघाली ते एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

आज कुठल्याही कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये मुलांना बायोडेटा लिहायला शिकवतात. वर शिक्षण आणि अनुभव, अगदी तळाशी एका ओळीत छंद. वाचन, क्रिकेट, संगीत. मुलाखत घेणारा ती ओळ बहुधा वाचतही नाही. कॅलथ्रॉप यांचा बायोडेटा या साच्यात बसवायला गेले तर पंचाईत होईल. रेल्वे हा त्यांचा पेशा, अरबी घोडे हा शौक आणि पॅराशूट हा ध्यास. तिन्हींत त्यांचा प्रश्न मात्र एकच होता: जो भार वाहतो त्याला इजा न होता भार वाहायचा कसा? करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत यशस्वी माणसांची तीच ती उदाहरणे ऐकणाऱ्या कुर्डुवाडीच्या मुलांना हा माणूस आवर्जून सांगायला हवा, असे मला मनापासून वाटते.

3 मार्च 1857 रोजी इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात, शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. अपिंगहॅमच्या शाळेतून बाहेर पडल्यावर त्यांनी रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या इंजिन कारखान्यात काम केले आणि 1874 मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू इथल्या कारखान्यात उमेदवारी धरली. तिथून 1879 मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले. 1882 मध्ये बोटीने हिंदुस्थानात येऊन जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. वय पंचवीस. सरळ नाकासमोर चालले असते तर ते मोठ्या कंपनीत शिडी चढत वर गेले असते. त्यांचे भाऊ गाय कॅलथ्रॉप यांनी नेमके तेच केले आणि लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचे जनरल मॅनेजर होऊन ‘सर’ही झाले. एव्हरार्ड यांनी नोकरी सोडली आणि सल्लागार अभियंता म्हणून स्वतःची वाट धरली.

इन्स्पेक्टर म्हणून मुख्य मार्गावर फिरताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. मोठ्या रेल्वेला माल हवा, माल खेड्यापाड्यांत आहे, आणि तिथवर ब्रॉडगेज नेणे परवडत नाही. स्वस्तातल्या अरुंद रेल्वेला मात्र कोणी गंभीरपणे घेत नव्हते, कारण अरुंद रूळ म्हणजे चिमुकले इंजिन, चिमुकले डबे, थोडका माल, अशी समजूत होती.

कॅलथ्रॉप यांनी या समजुतीवरच घाव घातला. रूळ तुटतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एका अॅक्सलखाली येणाऱ्या वजनाने. मग इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, एका अॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचाच नाही. हा नियम एकदा पक्का केला की रूळ हलका चालतो. बार्शी लाईटला वाराला 30 पौंडांचा रूळ पुरला. आजच्या हिशेबात मीटरला सुमारे 15 किलो. आपल्या मुख्य मार्गांवर आता मीटरला 60 किलोचा रूळ असतो, म्हणजे चौपट. रूळ हलका, म्हणून खर्च कमी. आणि वजन जास्त अॅक्सलांवर वाटले म्हणून गाडी मात्र लहान नाही.

लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली पहिली इंजिने याच हिशेबाची होती. एकमेकांना जोडलेली आठ चाके, मागे आणखी चार. एकूण सहा अॅक्सल, एकूण वजन तीस टनांच्या आसपास. अडीच फुटी रुळांवर एवढे दणकट इंजिन पाहून त्या काळच्या जाणकारांनीही भुवया उंचावल्या असतील. मालडब्यांचा विचार त्याहून बारीक. बोगीवाल्या डब्याला चार अॅक्सल, म्हणजे भरलेला डबा जास्तीत जास्त वीस टनांचा. त्यात डब्याचे स्वतःचे वजन जितके कमी, तितकी कापसाची आणि गळिताची पोती जास्त. म्हणून लाकूड आणि जड लोखंड टाळून सॅमसन फॉक्स यांच्या लीड्स फोर्ज कारखान्यातून दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे डबे करून घेतले. आपले म्हणणे नुसते कागदावर पटणार नाही हे कॅलथ्रॉप ओळखून होते. त्यांनी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकला आणि रेल्वेतल्या लोकांना बोलावून ही इंजिने, हे डबे चालवून दाखवले. मग सगळा सरंजाम बार्शी रोडकडे निघाला.

पुढची तीस वर्षे ही रेल्वे वाढत गेली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली. आषाढी-कार्तिकीला मुंबईकडून येणारा वारकरी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचा आणि पडशी-पताका सांभाळत छोट्या गाडीकडे पळायचा. दुसरी शाखा 1911 मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरला गेली आणि मराठवाड्याच्या मोंढ्याला मुंबईचा बाजार जवळ आला. 1927 मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ जोडले गेले, तेव्हा एकूण लांबी 202 मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर झाली होती.

या व्यवस्थेत एक दुखणे होतेच. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत थेट जात नाही. प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जाणार. वेळ जाणार, मजुरी लागणार. कॅलथ्रॉप यांनी त्यावरही तोड काढली. 1904 मध्ये इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाली, तेव्हा तिथे मोठ्या गेजचा अख्खा डबाच चाकांसकट पाठीवर घेणारे वाहक डबे त्यांनी आणले. तिथल्या दोन किटसन इंजिनांपैकी एकाला त्यांचेच नाव दिले होते. त्या इंजिनांच्या तोंडावर आपल्याकडे शोभणारे भलेमोठे दिवे होते. माढ्याच्या माळावर सिद्ध झालेली कल्पना अशी साहेबाच्या देशात पोचली. आपल्याकडे तंत्रज्ञान नेहमी विलायतेहून येते असे मानणाऱ्यांनी या उलट्या प्रवासाकडे जरूर पाहावे.

आता घोडे. इंग्लंडला परतल्यावर एसेक्समधल्या लाउटन इथे कॅलथ्रॉप अरबी घोडे पाळत, त्यांची पैदास करत. चाबूक आणि दहशत यांच्या बळावर घोडा वठणीवर आणण्याची तेव्हाची सर्रास रीत त्यांना मान्य नव्हती. घोड्याचा विश्वास मिळवला तर तो आपण होऊन काम करतो, हे त्यांनी स्वतःच्या तबेल्यात करून पाहिले आणि 1920 मध्ये त्यावर ‘द हॉर्स अॅज कॉम्रेड अँड फ्रेंड’ हे पुस्तक लिहिले. रुळाला झेपेल तेवढाच भार टाकणारा अभियंता आणि घोड्याच्या कलाने घेणारा हा मालक, यांत मला दोन वेगळी माणसे दिसत नाहीत.

पॅराशूटची कथा मात्र दुःखाने सुरू होते. जुलै 1910 मध्ये बोर्नमथच्या विमानमेळ्यात चार्ल्स रोल्स यांचे विमान मोडून पडले आणि ते जागीच गेले. रोल्स-रॉइसमधले हेच रोल्स. कॅलथ्रॉप यांचे मित्र. विमान निकामी झाले तरी आतला माणूस वाचला पाहिजे, या विचाराने कॅलथ्रॉप कामाला लागले. त्यांच्या पॅराशूटचे नाव ‘गार्डियन एंजल’. छत्री घडी करून विमानाला बांधलेल्या डब्यात ठेवायची. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ती ओढली जाऊन उघडायची. दोऱ्या गुंतू नयेत यावर सगळा भर.

जानेवारी 1917 मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कोलेट यांनी ऑरफर्डनेस इथे विमानातून सुमारे 600 फुटांवरून उडी मारून ती यशस्वी करून दाखवली. त्याच वर्षी शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेतले ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी घेतली. सहाशे फुटांची गरज नाही, इतक्या कमी उंचीवरही छत्री उघडते हे लोकांच्या डोळ्यांसमोर दाखवायला. तरीही ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पहिले महायुद्ध संपत येईपर्यंत पॅराशूट मिळाले नाही. वजन जास्त, विमानात जागा नाही, ही कारणे होती. वैमानिक लढायचे सोडून उड्या मारतील, अशीही धास्ती वरच्यांना होती. 1918 च्या ऑगस्टमध्ये अलेस्सांद्रो तांदुरा हा इटालियन लेफ्टनंट याच पॅराशूटने रात्री ऑस्ट्रियन फौजेच्या मागे उतरला. हेरगिरीसाठी जे चालले ते स्वतःच्या वैमानिकांसाठी चालले नाही. किती तरुण जळत्या विमानात बसून खाली आले असतील, हा विचार अजूनही अस्वस्थ करतो.

बार्शीत कॅलथ्रॉप यांना यश आले आणि आकाशात नाही, याचे कारण त्यांच्या कसबात नव्हते. रेल्वेसाठी 1895 मध्ये कंपनी उभी राहिली, भांडवल जमले आणि निर्णय त्यांच्या हाती आला. पॅराशूटला गिऱ्हाईक एकच होते, सरकार.

30 मार्च 1927 रोजी कॅलथ्रॉप लंडनमध्ये वारले; मिरजेची गाडी सुरू झाली ते हेच वर्ष. 1954 मध्ये भारत सरकारने बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. 2001 पासून टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले: आधी पंढरपूर, 2008 मध्ये लातूर, मग मिरज. लातूरचा मार्ग बदलताना जुन्या छोट्या गाडीने बाजूला टाकलेले धाराशिव शहरही जोडून घेतले. लातूरचा प्रवासी आता रात्री मुंबईत बसतो आणि कुर्डुवाडीला न उतरता सकाळी घरी पोचतो. पोतीही पाठीवरून हलवावी लागत नाहीत. कुर्डुवाडीचा कारखाना मात्र मध्य रेल्वेकडे चालूच राहिला. अडीच फुटी इंजिने-डबे जिथे दुरुस्त होत, तिथे आता ब्रॉडगेजचे मालडबे येतात.