गलाता पूल: एका फौजी लेखकाने पाहिलेलं इस्तंबूल

इस्तंबूलच्या गलाता पुलावर कठड्याशी गळ टाकून बसलेले मासेमार पहाटेपासून दिसतात. पाठीमागून ट्राम धडधडत जाते आणि खालच्या मजल्यावरच्या खाणावळींतून तळलेल्या मासळीचा वास वर येतो. एका टोकाला एमिनोन्यूची येनी जामी मशीद, दुसऱ्या टोकाला काराकोय आणि त्यामागच्या चढावर गलाताचा मनोरा. मधून गोल्डन हॉर्नची खाडी बॉस्फरसला मिळते. शहर समजून घ्यायचं तर आधी या पुलावर उभं राहावं, असं दीडशे वर्षांपूर्वी एका इटालियन लेखकाने लिहून ठेवलं आहे.

त्याचं नाव एदमोंदो दे आमीचिस. जन्म 1846 सालचा, लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या ओनेल्या गावातला. मोदेनाच्या सैनिकी शाळेत शिकून तो अधिकारी झाला आणि 1866 मध्ये कुस्तोझाच्या लढाईत उतरला. लेखणी त्याने फौजेत असतानाच हाती धरली होती. सैनिकांच्या आयुष्यावरच्या त्याच्या कथा आधी गाजल्या, मग तो वर्दी उतरवून प्रवासाला निघाला. 1874 मध्ये तो इस्तंबूलला पोहोचला, तेव्हा सोबत एन्रिको युंक हा चित्रकार होता. ‘कोस्तान्तिनोपोली’ हे पुस्तक 1877-78 मध्ये मिलानमध्ये निघालं. 1882 च्या सचित्र आवृत्तीसाठी मात्र चित्रं काढली ती चेझारे बिसेओने.

दे आमीचिसने पाहिलेला पूल आजचा नव्हे. खाडीच्या मुखावर पहिला लाकडी पूल 1845 मध्ये झाला. ऑटोमन सुलतान अब्दुलमजीदच्या आईने, बेझ्मियालेम सुलतानने तो बांधून घेतला होता. 1863 मध्ये त्याच्या जागी दुसरा लाकडी पूल आला आणि दे आमीचिस चालला तो त्याच्यावरून. त्याच्या भेटीनंतर पुढच्याच वर्षी, 1875 मध्ये, तिसरा पूल उभा राहिला. जर्मन कंपनीने 1912 मध्ये बांधलेला चौथा पूल 1992 च्या आगीत निकामी झाला आणि आजचा पाचवा पूल 1994 मध्ये खुला झाला. पूल ओलांडायला पथकर पडे. पांढरे अंगरखे घातलेले वसुलीदार दोन्ही टोकांना उभे असत आणि ही पद्धत 1930 पर्यंत चालली.

पुस्तकातलं सगळ्यात जिवंत प्रकरण या पुलाचंच आहे. दे आमीचिस एका जागी थांबतो आणि दोन्ही दिशांनी वाहणारी माणसं न्याहाळत राहतो. ओझ्याखाली वाकलेले हमाल, अस्त्राखान टोप्या घातलेले इराणी, बुरख्यातल्या तुर्की बायका, मेण्यात बसलेली आर्मेनियन स्त्री, जनानखान्याच्या गाडीपुढे वाट मोकळी करत ओरडत जाणारा खोजा. मग तो नजर खाली वळवतो आणि फक्त पायांकडे बघू लागतो. तुर्कांच्या सपाता पिवळ्या, आर्मेनियनांच्या लाल, ग्रीकांच्या निळसर, ज्यूंच्या काळ्या. त्यांच्यामधून अनवाणी पाऊल जातं आणि लगेच पॅरिसच्या ताज्या फॅशनचा बूट. अठरापगड साम्राज्य नुसत्या पादत्राणांवरून ओळखू यावं! संचलनात पलटणीमागून पलटण नजरेखालून घालायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचलं असेल, असं वाचताना सारखं वाटतं.

या पानांना बिसेओच्या चित्रांची मोठी साथ आहे. लेखकाचं वाक्य धावतं, पुढचा माणूस येताच आधीचा मागे पडतो. चित्रात तोच माणूस थांबतो. फेट्याचा वळसा, झग्याच्या चुण्या, कपाळावरचा ताण निवांत पाहता येतो.

पुलापलीकडचं गलाता या लिगुरियन माणसाला परकं वाटायचं कारण नव्हतं. तिथला मनोरा लिगुरियातल्याच जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांनी 1348 मध्ये बांधला होता आणि ऑटोमन विजयापर्यंत ती वसाहत त्यांचीच होती. मनोऱ्यावरून पुढे आगीचा पहारा दिला जाई. गलाताच्या वरच्या पेरा भागात 1870 मध्ये लागलेल्या भीषण आगीवर दे आमीचिसने एक अख्खं प्रकरण लिहिलं, तेही लोकांकडून ऐकून. स्वतः न पाहिलेला प्रसंग त्याने इतक्या ताकदीने उभा केला आहे की धूर नाकात जातो. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही त्याने स्वतंत्र प्रकरण दिलं. हेच कुत्रे 1910 मध्ये हजारोंनी पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडले गेले आणि भुकेने मेले.

त्याच्या लेखनात उणीवही आहे आणि ती लहान नाही. तुर्कांच्या स्वभावाविषयी तो झटपट निकाल देतो, त्या काळच्या युरोपचे पूर्वग्रह जसेच्या तसे उचलतो. पुलावरची एवढी माणसं त्याला दिसतात, पण त्यांच्यातल्या फार थोड्यांशी तो बोलतो. तरीही इस्तंबूलच्याच ओरहान पामुक यांच्यासारख्या लेखकाने या पुस्तकाची वाखाणणी केली आहे, कारण एकोणिसाव्या शतकातल्या रस्त्यांची इतकी तपशीलवार नोंद क्वचितच मिळते.

एका प्रकरणात त्याने भविष्यातलं इस्तंबूल रंगवलं आहे: रंग उडालेलं, सरळ रस्त्यांचं, कारखान्यांच्या धुराने भरलेलं. त्यातलं बरंच खरं झालं. पुलावरचे झगे आणि फेटे गेले, पिवळ्या सपाताही गेल्या. पण सकाळी एमिनोन्यूच्या धक्क्याला फेरीबोट लागली की आजही काराकोयकडे जाणारा एक लोंढा आणि तिकडून येणारा दुसरा पुलाच्या मध्यावर एकमेकांत शिरतात. सचित्र आवृत्तीतलं पुलाचं प्रकरण वाचून जाणाऱ्याने ती वेळ गाठावी आणि कठड्याला पाठ लावून उभं राहावं.