मॉनिटर घेण्याआधी ग्राफिक्स कार्ड तपासा



जुना मॉनिटर बदलायचा म्हटलं की दुकानात हमखास ऐकायला मिळतं, "फोर-के घ्या, चित्र एकदम स्पष्ट!" पण तो आपल्या संगणकाला झेपेल का? याचं उत्तर साध्या गुणाकारातून मिळतं. चला तर मग, पाहूया.

रिझोल्यूशन म्हणजे काय?

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे ठिपके गुणिले उभे ठिपके म्हणजे एकूण पिक्सेल.

- फुल एचडी : १९२० × १०८० = २०,७३,६००
- क्यूएचडी : २५६० × १४४० = ३६,८६,४००
- फोर-के : ३८४० × २१६० = ८२,९४,४००

लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट! हे चित्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा पडद्यावर पाठवावं लागतं. म्हणजे फोर-केसाठी दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी पिक्सेल. हे काम ग्राफिक्स कार्डचं. म्हणून त्याच्याबद्दल दोन प्रश्न विचारायचे.

१) एवढे पिक्सेल बाहेर पाठवता येतील का?

संगणकाच्या मागचं पोर्ट बघा. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा जातं. माउसचा बाण अडखळत सरकतो आणि रोज तासन्‌तास काम करणाऱ्याला ते खटकतं. ६० वेळा हवं असेल तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ (किंवा त्यापुढचं) लागतं. ते कार्ड, केबल आणि मॉनिटर या तिन्हींना चाललं पाहिजे. जुनं निळं व्हीजीए पोर्ट यासाठी उपयोगाचं नाही. आणि वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर केबल त्या कार्डालाच जोडा, मदरबोर्डला नाही.

२) एवढे पिक्सेल तयार करता येतील का?

हे कामावर अवलंबून आहे. प्रश्नपत्रिका टाइप करणं, पीपीटी, व्हिडिओ यांसाठी अलीकडच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्सही पुरतं. पण गेम किंवा थ्री-डी डिझाइनमध्ये प्रत्येक चित्र नव्याने मोजून काढावं लागतं. फुल एचडीवर गेम जेमतेम चालवणारं कार्ड फोर-केवर धापा टाकणारच. त्यात क्यूएचडी हा मधला मार्ग, कारण तिथे काम चौपट नाही, पावणेदोन पटीच्या आसपास वाढतं.

आकारही पाहा

२४ इंचाला फुल एचडी आणि २७ इंचाला क्यूएचडी ही जोडी चांगली जमते. २७ इंची फोर-केवर अक्षरं इतकी बारीक दिसतात की विंडोजमध्ये ती १५० टक्के मोठी करावी लागतात. म्हणजे अक्षरं रेखीव दिसतात, पण पडद्यावर जास्त मजकूर मावेल असं समजू नका.

कार्ड कोणतं, हे कसं कळेल?

विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स' आणि मग 'जीपीयू' निवडा. उजवीकडे कार्डचं नाव दिसेल. त्या नावावरून कंपनीच्या संकेतस्थळावर कमाल रिझोल्यूशन आणि पोर्टची माहिती शोधा.

हे कागदावर लिहूनच दुकानात जा. जमलं तर हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या. क्षेत्रफळाचा धडा घरच्या खरेदीत उपयोगी पडतो, हे त्यांनाही कळेल आणि न झेपणाऱ्या पडद्यावर जाणारे पैसेही वाचतील.