पावसमध्ये जुने घर पाहताना

रत्नागिरीजवळच्या पावसमध्ये जुने घर घ्यायचे असेल, तर ते शक्यतो दोनदा पाहावे: ऐन पावसाळ्यात आणि मे महिन्यात. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र असल्याने गिलावा निघालेल्या चिऱ्यांतून ओल आत झिरपते. म्हणून भिंतींचा पायथा हाताने चाचपावा. फुटके कौल सहज बदलता येते, पण वाळवीने पोखरलेले वासे आणि रिपा बदलणे खर्चाचे असते. लाकडावर ठोकावे, पोकळ आवाज आला, तर जाणत्या सुताराला दाखवावे.

मे महिन्यात विहिरीत पाणी किती उरते आणि ते मचूळ लागते का, हे पाहावे.

मग कागद. सातबाऱ्यावर अनेकदा सामाईक नावे असतात आणि काही हिस्सेदार मुंबईत राहतात. साऱ्यांची संमती नसेल, तर व्यवहार वादात अडकू शकतो. मयतांच्या वारसांची नोंद झाली आहे का, तेही तपासावे. घर कोणाच्या नावावर आहे, हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कळते. घरापर्यंतची वाट दुसऱ्याच्या आवारातून जात असेल, तर वहिवाटीचा हक्क लेखी आहे का, हे विचारावे. एवढे झाल्यावरच विसार द्यावा.