मूत्रपिंडाचे द्वार आणि औषधांची गर्दी

वडोदरा शहराचा औषधनिर्मितीशी संबंध जुना आहे. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ साली स्थापिलेला अलेम्बिकचा कारखाना व १९४३ साली सुरू झालेले साराभाई केमिकल्स यांच्यामुळे औषधांची खोकी आपल्या पेढ्यांना कधीच परकी वाटली नाहीत. परंतु औषधाचा भाव जाणणे निराळे आणि ते पोटात गेल्यावर काय करते हे जाणणे निराळे. म्हणूनच या अंकात, रक्तदाब, हृदयविकार वा पायांवरील सूज यांसाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मूत्रल औषधांविषयी, म्हणजे बोलीतल्या ‘लघवीच्या गोळी’विषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातील जवळजवळ ९९ टक्के परत रक्तात जमा करतात. बाहेर पडते ते केवळ दीड-दोन लिटर मूत्र. मूत्रल औषध ही परतजमा थोडी अडविते. मीठ नलिकेत राहते, त्याच्यामागून पाणी राहते आणि अंगावरील सूज उतरते.

आता फ्युरोसेमाइड या प्रबळ मूत्रलाचे उदाहरण घेऊ. हे औषध रक्तात अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटून असते, म्हणून ते गाळणीतून फारसे उतरत नाही. आणि त्याचे कार्य तर नलिकेच्या आतल्या बाजूने व्हावयाचे असते! यास्तव नलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशी ते रक्तातून उचलून आत टाकतात. वखारीच्या अरुंद दारातून हमाल माल आत नेतात, तसाच हा प्रकार. त्याच दारातून पेनिसिलिन, संधिवातावरील प्रोबेनेसिड आणि अनेक वेदनाशामके यांचीही ने-आण होते. हमाल मोजके आणि माल फार, मग एकाचा माल बाहेर ताटकळणारच. पेनिसिलिनला मूत्रातून लवकर निघून जाण्यास अटकाव व्हावा म्हणूनच प्रोबेनेसिड शोधले गेले. तेच प्रोबेनेसिड मूत्रलाचीही वाट अडविते. मूत्रपिंड दुबळे झाले की रक्तात साचलेली आम्लेही याच दारात गर्दी करतात. म्हणून अशा रुग्णास वैद्य मोठी मात्रा देतात, त्याचे नवल वाटू नये.

वेदनाशामकांचा दोष एवढ्यावर संपत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आदी औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. या शोधातील कार्याबद्दल जॉन व्हेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हीच द्रव्ये अडचणीच्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवितात व मीठ बाहेर टाकण्यास साह्य करतात. ती नाहीशी झाली की मूत्रलाचा गुण उणावतो; गुडघा शांत होतो, पण सूज व रक्तदाब वाढतो. त्यातच रक्तदाबावरील एनालाप्रिल वा लोसार्टन यांसारखे औषध चालू असेल, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडास अकस्मात इजा करू शकतात.

येथे आमच्या वाचकांच्या दृष्टीने एक गंभीर गोष्ट आहे. पर्युषणात उपवास करणारा केवळ उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी घेतो. चौविहार उपवासात तर तेही वर्ज्य. समजा, घरातील वडील मंडळींपैकी कोणी अठ्ठाई मांडली आहे, सकाळची मूत्रल गोळी नित्याप्रमाणे चालू आहे आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही घेतली आहे. पाणी आत येत नाही, गोळी मात्र ते बाहेर काढते, आणि मूत्रपिंडाचा आधार वेदनाशामकाने काढून घेतलेला! चक्कर, मूत्र घटणे, थकवा ही लक्षणे तपाचा शीण समजून सोडून दिली जातात आणि अनर्थ ओढवतो.

मग करावे काय? प्रत्याख्यान घेण्यापूर्वीच वैद्यांस विचारावे. औषध चालू ठेवावे, कमी करावे की थांबवावे, हे त्यांनी ठरवावे. आपल्या मनाने मूत्रल सोडल्यास हृदयरोग्याच्या फुप्फुसांत पाणी साचू शकते. घरातील सर्व गोळ्या, काढे व मलमे एका पिशवीत घालून वैद्यांपुढे ठेवाव्यात. दोन वैद्यांची औषधे चालू असतील तर दोघांसही ते सांगावे. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने ते विचारल्यावाचून वापरू नये. वैद्य सांगतील तेव्हा क्रिएटिनिन व पोटॅशियम यांची रक्ततपासणी करावी, आणि सूज असणाऱ्याने रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे.

आपण व्यापारी लोक. जमाखर्चाचा मेळ रोजच्या रोज घालण्याची सवय आपल्या अंगी आहेच. शरीराच्या पाण्याची वही तितक्याच दक्षतेने राखली, तर वडिलधाऱ्यांचे तप निर्विघ्न पार पडेल व औषधाचा पैसाही सार्थकी लागेल, एवढीच नम्र सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.